दोन हातांना न पेलणारा कॅन

वॉटफर्ड
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अर्जुनदादा,

नमस्कार. मायराचा खोकला गेला का? वहिनीला सांग, मेतकूट मिळालं, रोज सकाळी भातावर घेते. इथे पाऊस नाही, पण उजाडतही नाही. मी ठीक आहे.

बाबांचा ट्रॅक्टर विकत घेणारा माणूस शनिवारी येणार, कागद काढून ठेव, असं तू म्हणालास. कागद सापडले. पण त्याआधी मला तुला डिझेलच्या त्या कॅनबद्दल लिहायचंय. फोनवर तू भराभर बोलतोस आणि मी नुसती ‘हो’ म्हणते, म्हणून हे पत्र.

बाबांचा जुना लोखंडी कॅन तुला आठवत असेल. झाकण उघडायचं, पत्र्याची नळी लावायची, ओतायचं. मे महिन्यात मी नवीन सेफ्टी कॅन आणला. त्याची नळी टाकीच्या कडेवर जोरात दाबून धरावी लागते, त्याच वेळी अंगठ्याने खटका मागे ओढावा लागतो, आणि वीस लिटरचं वजन छातीच्या उंचीवर तोलून धरावं लागतं. जुन्या ट्रॅक्टरच्या टाकीचं तोंड रुंद, त्यामुळे नळी कडेवर टेकतच नाही. आधी थेंब पडत नाही, मग एकदम भसकन येतं. डिझेल सांडू नये म्हणून केलेल्या या कॅनने शेडमध्ये जेवढं सांडलं, तेवढं जुन्याने वीस वर्षांत सांडलं नसेल.

मी लेबल शेवटपर्यंत वाचलं होतं. आईने अकराव्या वर्षापर्यंत घरीच शिकवल्यामुळे मला एवढंच चांगलं येतं: आधी सगळं वाचायचं, मग हात लावायचा. शाळेत गेले तेव्हा फायर ड्रिलमध्ये ‘धावू नका’ ही सूचना वाचून खरंच न धावणारी मी एकटीच होते. बाबांना मी तो कॅन चार वेळा उघडून दाखवला.

“इतकी वर्षं माणसांना भूल दिली, मालू,” ते म्हणाले, “पण असलं अवघड यंत्र ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा पाहिलं नाही.”

बाबांच्या शेजारचे कॉलिन म्हणाले, “त्यातली स्प्रिंग काढून टाका, डॉक्टर. सगळे तेच करतात.”

बाबा म्हणाले, “माझी मुलगी येऊन तपासते.”

आम्ही तिघंही हसलो होतो.

दादा, पहिली गोष्ट. जुना कॅन गळत होता म्हणून फेकला, असं मी बाबांना सांगितलं. तो गळत नव्हता. मला त्याची भीती वाटायची, एवढंच. मीच तो टिपवर, कचऱ्याच्या डेपोत, नेऊन टाकला.

दुसरी गोष्ट. एक ऑक्टोबरला, खंडेनवमीला, सकाळी साडेआठला बाबांचा फोन आला होता. हे मी तुला सांगितलेलं नाही. दर वर्षी ते ट्रॅक्टर धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि मग सुरू करतात. टाकी रिकामी होती.

“येऊन तेवढं भरून देतेस का? माझा अंगठा त्या खटक्याला ऐकत नाही.”

“बाबा, आज ऑफिस आहे. शनिवारी येते.”

“खंडेनवमी शनिवारपर्यंत थांबेल का गं?” असं म्हणून ते हसले. “बरं, बघतो मी.” मी फोन ठेवला.

दुपारी कॉलिनना ते शेडमध्ये पडलेले दिसले. खाली सगळं डिझेल, कॅन कुशीत, माळ अजून पिशवीत.

तिसरी गोष्ट मी दोनदा लिहून खोडली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी मला विचारलं, नक्की काय झालं? मी म्हणाले, “मी त्यांना चार वेळा दाखवलं होतं. तरी त्यांना तो कॅन उघडता येत नाही.” यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी विचारलं, “म्हणजे विसरतात का?” मी गप्प राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंकडे वळून शांतपणे म्हणाले, “हो. हल्ली विसरतो मी.”

ते विसरत नव्हते, दादा. अंगठ्याचा सांधा झिजलाय. सकाळचा फोन त्यांनी कुणालाच सांगितला नाही. त्या एका वाक्यावरून पुढचं सगळं सुरू झालं: स्मृतीची तपासणी, ‘एकटं ठेवणं सुरक्षित नाही’ हा शेरा, स्टॅनमोरचं केअर होम आणि आता ट्रॅक्टर. तू ठरवलंस ते मी दिलेल्या माहितीवर ठरवलंस. तुझी चूक नाही.

परवा मी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “आज वार कुठला?” मी म्हटलं, शुक्रवार. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. नर्स समोर होती. ते मला सांभाळून घेत होते की त्यांना खरंच आठवत नव्हतं, हे मला कळलं नाही. आणि विचारायचं धाडस झालं नाही. पाच आठवडे एखाद्याला विसरभोळा म्हणून वागवलं तर तो तसा होतो का? तू डॉक्टर आहेस, तुला माहीत असेल. मला सांगू नकोस.

केअर होमच्या मॅनेजरना आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना मी हे सगळं इंग्रजीत लिहून आजच पाठवलंय. ट्रॅक्टर घेणाऱ्या माणसाला शनिवारी येऊ नका, असं तू कळव. माझं त्याने ऐकलं नाही, म्हणाला, डीलिंग तुमच्या भावाशी आहे.

उद्या अकरा वाजता मी बाबांकडे जाते आहे. त्यांच्यासमोर, नर्स असताना सांगणार आहे. ते मला थांबवतील, म्हणतील, “नाही गं, मीच विसरलो.” तरी सांगणार आहे.

तू माझ्याशी बोलला नाहीस तर मी समजेन. पण त्यांना फोन कर, आणि वार विचारू नकोस. बाकी काहीही विचार.

तुझी धाकटी बहीण, जिने फोन ठेवला,
मालविका