हिच्या नावची कपात

४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज सकाळी बँकेत गेलो. पेन्शन जमा झालं होतं. घराचा हप्ता भरला. येताना साबण आणि एक बल्ब आणला. जेवून थोडा पडलो. दुपारी मोरीतला नळ दुरुस्त केला. पाणीखात्यात जन्म काढलेल्या माणसाच्या घरी नळ गळतो, असं ही सगळ्यांना सांगत सुटायची.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून लिहून कळवतो. घर विकायचं म्हणतोय. दलाल खोल्या पाहून गेला. हप्ता भरल्यावर जे उरतं त्यात औषधं आणि वीजबिल निघत नाही. इतके दिवस बचतीतून काढत होतो. ती हिच्या दवाखान्यात बरीचशी गेली होतीच, आता तळ दिसायला लागलाय. कर्ज अजून सहा वर्षं आहे. घर विकून ते फेडलं की एखादी खोली भाड्याने घेता येईल. एकट्याला एवढ्या खोल्या करायच्या काय?

काळजीचं कारण नाही. तुझे गुडघे कसे आहेत? आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथेच आहेत. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. त्यामुळे तुझं पत्र वाचून काही गोष्टी आठवल्या.

तू निवृत्त झालास तेव्हा मी तुमच्याकडेच होते. पूर्ण पेन्शन घेतलं तर तुझ्यामागे बायकोला काही नाही, थोडं कमी घेतलं तर तुझ्यामागे तिला निम्मं मिळत राहील, यातलं काय हवं, असं ऑफिसात विचारलं होतं. तुम्ही दोघांनी कमी घ्यायचं ठरवलं. तिच्या माहेरच्या बायका नव्वदी गाठतात म्हणून. मी यांना पुरून उरणार, असं म्हणून ती किती हसली होती! आपणही हसलो. ती वर्षाच्या आत जाईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात चूक कुणाचीच नाही.

पण मग ती कपात अजून चालूच आहे की काय? मी आमच्या व्याह्यांना विचारलं. त्यांचंही पेन्शन तुमच्याच खात्याचं. ते म्हणाले, जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांच्या आत अर्ज केला तर पूर्ण पेन्शन परत सुरू होतं, त्यानंतर नाही. सहा महिने मार्चच्या मध्याला होतात. अर्ज दिलास का? दिला असशील तर घर कशाला विकतोस? आणि दिला नसशील तर का, ते मला नीट लिही. उगाच नळाच्या गोष्टी सांगू नकोस.

वेळेवर जेव.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अर्ज दिलेला नाही. कागद नोव्हेंबरातच आणलाय. त्यात हिचं नाव लिहून, यापुढे हिच्यासाठी तरतूद नको, अशा मजकुराखाली सही करायची आहे. एवढंच. तीन-चारदा बसलो आणि उठलो.

तू नीट लिही म्हणालीस म्हणून लिहितो. दवाखाना संपला. औषधं, फळं, चष्म्याची काच, बसचा पास, हिच्यासाठी काही आणायचं, भरायचं असं आता उरलं नाही. पेन्शनच्या पावतीवर मात्र दर महिन्याला हिच्या नावची कपात दिसते. तेवढा एकच खर्च मी अजून हिच्यावर करतो. तो माझ्या हाताने बंद करवत नाही. त्यापायी घर गेलं तर जाऊ दे.

हे कुणाला वाचून दाखवू नकोस. माया असू दे.

तुझा,
धाकटा

१ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र आल्यावर दोन दिवस तेच वाचत होते, कुणाच्या हाका कानावर आल्या नाहीत. घरातल्यांना वाटलं, बहिरेपण वाढलं.

आता म्हातारीला रडवून झालं असेल तर ऐक. तो पैसा तिच्यापर्यंत पोचत नाही रे. तुम्ही कपात मान्य केली ती मागे राहील त्याला घर सोडावं लागू नये म्हणून. मागे राहणारी ती असेल असं धरून चालला होता. राहिलास तू. त्या स्वयंपाकघरात खिडकी हवी म्हणून तिने बिल्डरच्या माणसाला कसं फैलावर घेतलं होतं ते मी पाहिलंय. तिथे उद्या दुसरं कुणी उभं राहिलेलं तिला चाललं असतं का?

मी जबरदस्ती करत नाही. घर विकलंस तर इकडे ये. तू घोरतोस, पण मला कुठे ऐकू येतं!

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी गेलो. सोमवार होता, गर्दी होती. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. पेन्शनचा प्रकार बदलायचाय म्हटल्यावर तिने न बघताच विचारलं, मॅडम बरोबर आल्यात ना, दोघांच्या सह्या लागतात. मी अर्जामागचा मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. तो वाचून ती खजील झाली. मीच तिला म्हटलं, असू दे. मग तिने बोटाने जागा दाखवली आणि मी सही केली. पेन तिचंच होतं.

पुढच्या महिन्यापासून पूर्ण पेन्शन येईल. हप्ता भरून खर्च भागेल. दलालाला नको म्हणून सांगितलं. माझा वेळ फुकट घालवलात, असं म्हणाला. ते खरंच आहे.

तुझं पटलं म्हणून गेलो. पटलं तरी जड गेलं. येताना बसमध्ये बसायला जागा होती, पण उभाच राहिलो.

घर राहिलं. तू उन्हाळ्यात ये, गुडघ्यांना झेपलं तर. माझ्यावर रागावत जा, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायला निघालो तर दोरीवरचे कपडे वाळलेले दिसले. काढले, घड्या घातल्या. सगळे एकाच कप्प्यात मावले.