मामाची कंबर आणि भाच्याची जिम

पिपरी मेघे, वर्धा
शनिवार

ती. भाऊजी किसनराव यांना प्रेमदासचा नमस्कार.

दर पत्रात साष्टांग लिहितो, या वेळी नुसता नमस्कार लिहिला म्हणून राग मानू नये. साष्टांगात कंबर येते, आणि सध्या मी कागदावरसुद्धा वाकताना दहादा विचार करतो. तुमचे गुडघे कसे आहेत? ताईनं आणलेलं तेल लावता की बाटली अजून खिडकीत तशीच उभी आहे? कापूस विकला की घरात ठेवला? तुमच्या जाम गावच्या चौकातल्या ट्रकांच्या हॉर्ननं झोप लागत नाही म्हणत होता, ते आता कसं काय? आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तुमचा फोन ताई उचलते आणि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकते. हे पत्र तुम्ही गोठ्याकडे जाऊन एकट्यानं वाचावं.

विषय तुमच्या चिरंजीवांचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, अंकुशचा आहे. मी भयंकर रागावून लिहितो आहे. पण भाचा पडला, तेव्हा आदरानं रागावतो आहे.

माझ्या मणक्याची गादी सरकली आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पुढे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि त्या कागदावर मला शिक्षकांच्या बदल्यांतून सूट मिळाली. नाहीतर मी आज आष्टी तालुक्याच्या पार टोकाला असतो. म्हणजे एसटीच्या मागच्या सीटवर रोज दोन तास जायला, दोन तास यायला. त्या सीटवर धडधाकट माणूससुद्धा उतरताना आपली हाडं मोजून घेतो. तर अशा स्थितीत गेल्या दसऱ्याला अंकुशनं आमच्या पिपरी मेघ्यात जिम उघडली. ‘अंकुश फिटनेस पॉइंट’. फीत कापायला तो दारात उभा राहिला, आणि मी डॉक्टर, गोळ्या, पट्टा सगळं विसरून खाली वाकलो आणि त्याच्या दोन्ही पायांना हात लावला. आपल्याकडे भाचा समोर आला की मामाचे हात आपोआप त्याच्या पायांकडे जातात. त्याला मणक्याची परवानगी लागत नाही. (नंतर आठवडाभर अंथरुणात होतो. ताईला सर्दी झाल्याचं कळवलं होतं.) नेमका त्या वेळचा फोटो कोणीतरी काढला, आणि त्या फोटोनं माझा घात केला.

जिम काही चालेना. लोक यायचे, काट्यावर उभे राहायचे, फुकटात वजन बघून घरी जायचे. मग अंकुशच्या मनात जाहिरात आली. खरा पहिलवान फोटोचे पैसे मागतो, मामा मागत नाही. त्यानं तो दसऱ्याचा फोटो मोबाइलमधल्या त्या एआयला दिला आणि सांगितलं की याचा पहिलवान बनव. एआयनं आधी अंकुशला पुसून टाकलं. जिथे भाच्याचे पाय होते तिथे लोखंडी दांडा आणि त्याला दोन्हीकडे जात्याएवढ्या चकत्या ठेवल्या. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या गेल्या आणि दंडांवर वांग्याएवढे गोळे आले. एवढ्यावर थांबता तर मी चालवून घेतलं असतं. पण मग त्यानं तो फोटो हलता केला. वाकलेला मी शंभर किलो घेऊन सरळ उभा राहिलो, छाती काढली आणि हसलो. (माझा पुढचा दात पडून तीन वर्षं झाली, तोही एआयनं बसवून दिला. तेवढा एक फायदा.) खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कंबरदुखी? मामाले पहा! मामा उचलते शंभर किलो, तू काऊन घरी बसला?’

भाऊजी, ही रील आधी माझ्या सातवीच्या पोरांनी पाहिली. मी वर्गात शिरलो की ती उभी राहून दंड फुगवायची. मग मुख्याध्यापकांनी पाहिली. मग कुणीतरी निनावी तक्रार केली की आजारी म्हणून सूट घेणारा शिक्षक जिममध्ये वजनं उचलतो, सोबत पुरावा जोडला आहे. (ती कुणी केली हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे, फक्त कागदावर ती निनावी आहे.) आणि नोटीस आली. चौकशी समितीपुढे हजर व्हा. खोटं प्रमाणपत्र ठरलं तर बदली होईलच, वर निलंबन. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस मी. उभ्या जन्मात मी एक दिवसाची रजासुद्धा खोटी घेतली नाही आणि आता शेवटाला खोटारडा म्हणून घरी जायची पाळी. मी फार घाबरलो होतो, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

शिव्यांची पूर्ण तयारी करून मी सौ.ला घेऊन जिममध्ये गेलो. अंकुश पुढे येऊन ‘या मामाजी’ म्हणाला आणि मी आधी पाया पडायला निघालो. सौ.नं मागून कॉलर धरली म्हणून अर्ध्यात थांबलो. पण ज्याच्या पाया पडायला निघालो त्याला शिव्या कोणत्या तोंडानं द्यायच्या? आपलेच दात, आपलेच ओठ. मी नोटीस दाखवली. तो हसला. म्हणाला, “मामाजी, तुमी कायले टेन्शन घेऊन राह्यले? हे एआय आहे, सगळ्यायले समजते.” एवढ्यात मागून दोन नवे मेंबर आले आणि त्याला विचारू लागले, “भाऊ, ते मामा किती वाजता येते व्यायामाले?” मी समोरच उभा होतो. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण मला दंड नव्हते. मग मात्र अंकुशचा चेहरा उतरला. त्यानं तिथल्या तिथे रील काढून टाकली. पण तोवर ती समितीकडे जाऊन बसली होती.

सुनावणीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कंबरेचा पट्टा सदऱ्याच्या आत असतो, तो मी बाहेरून बांधू लागलो. बाजारात सौ. भाजीची पिशवी स्वतः उचलायची आणि मी मोकळ्या हातानं मागून चालायचो, त्यामुळे गल्लीत माझी अब्रू गेली ती वेगळीच. कोण कुठून मोबाइल रोखून बसला असेल याचा नेम नव्हता. आणि खरी गोम पुढे आहे. रील खोटी आहे हे दाखवायला एकच पुरावा होता, तो म्हणजे दसऱ्याचा मूळ फोटो. पण त्या फोटोत मी काय करतो आहे? कंबरेतून पार वाकलो आहे! तोही प्रमाणपत्र मिळाल्यानंतर. दाखवावा तर वाकणारा, न दाखवावा तर वजनं उचलणारा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वाकून बघायचीही सोय नाही. शेवटी फोटो खिशात ठेवायचा आणि अगदीच गळ्याशी आलं तर काढायचा असं ठरवलं.

परवा सुनावणी झाली. बाहेर बाकावर बसलो असताना माझा पेन खाली पडला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. उचलला तर संपलो. गोपाल म्हणून तिथला शिपाई आहे, त्याला विनंती केली. पेन हातात देताना तो म्हणाला, “मास्तर, मोबाइलमधी तं तुमी लय मस्त वाकता!” अशा शुभशकुनावर मी आत गेलो. समितीचे अध्यक्ष कृष्णकांत साहेब. माणूस सरळ, पण पुण्याकडचा, नुकताच बदलून आलेला. शेजारी डॉ. चारुता मॅडम, हिंगणघाटच्या. साहेबांनी रील मोठ्या पडद्यावर लावली आणि मी पुन्हा पुन्हा शंभर किलो उचलू लागलो. घड्याळ तेच, गालावरचा तीळ तोच. मी तोंड उघडून म्हणालो की साहेब, हा दात बघा, मला नाही आणि त्याला आहे. साहेब म्हणाले की कवळी लावली असेल. समोरच्या पाण्याचा ग्लाससुद्धा मी उचलला नाही, न जाणो वजनात धरतील. शेवटी काय व्हायचं ते होवो म्हणून खिशातला फोटो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, हा मूळ फोटो, समोर उभा आहे तो माझा भाचा.

साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि चष्मा काढला. म्हणाले, “गुरुजी, जगात भाचा मामाच्या पाया पडतो. तुमच्या फोटोत मामा भाच्याच्या पायाशी आहे. यंत्राला नाती कळत नाहीत, तिथेच ते फसतं. हा फोटो तुम्ही एआयकडून बनवून आणलाय. व्हिडिओ मात्र खरा दिसतो.”

भाऊजी, उभ्या विदर्भात कुणालाही विचारा म्हणावं, तर खोलीत विचारायला होतंच कोण! चारुता मॅडमनी सांगितलं असतं, पण त्या नेमक्या माझी एमआरआयची फिल्म घेऊन खोलीच्या पार टोकाला, खिडकीच्या उजेडाला गेल्या होत्या. मी तोंडानं काही सांगायला गेलो तर त त प प होऊ लागलं. मला आष्टीची एसटी दिसू लागली, मागची सीट दिसू लागली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. लिहिण्याआधी रीतसर म्हणून विचारलं की रील बनवणारा आला आहे का, आणि गोपालनं दार उघडून अंकुशला आत घेतलं.

मग काय होणार? तो दारातून आत आला आणि मी खुर्चीवरून उठलो. शपथेवर सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. नोटीस, समिती, निलंबन, सगळं विसरलो. भाचा समोर आला आणि मी वाकून त्याच्या दोन्ही पायांना हात लावला. कमरेत कट्कन आवाज झाला तो खिडकीपर्यंत गेला म्हणतात. आणि मी तसाच राहिलो. वर येईना, खाली जाईना. मला फक्त अंकुशचे बूट आणि साहेबांच्या टेबलाचे पाय दिसत होते.

वरून आवाज तेवढे येत होते. साहेब म्हणत होते, अरे, हे तर खरंच पाया पडले! मॅडम धावत आल्या, मला कुणी हात लावू नका म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून साहेबांना म्हणाल्या की ही गादी इथे सरकली आहे, फिल्ममध्ये आहे तिथेच. आमच्याकडे भाचा म्हणजे देव असतो, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. आणि तुमचा देव रडत होता, भाऊजी. “मामाजी, माह्यानं चुकलं, माह्यानं लय चुकलं,” म्हणत होता. त्याचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते. शेवटी तोच गुडघ्यांवर बसला, मला तसाच्या तसा पाठीवर घेतलं आणि जिना उतरून रिक्षेपर्यंत नेलं. एवढं वजन तो एका दमात उचलतो, हे मात्र मला माहीत नव्हतं. जाहिरात करायची तर याची करायची होती.

तर आदेश अजून यायचा आहे, मी पालथा पडून हे लिहितो आहे आणि जीव टांगणीला आहे. अंकुशला तुम्ही बाप या नात्यानं चांगली समज द्यावी. मामाला ती सोय नाही. ताईस नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. अंकुशच्या पाया मी इथूनच पडतो. कागदावर पडलेलं कुणाला दिसत नाही.

तुमचा,
प्रेमदास

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच आदेश आला. सूट कायम! तक्रार निकाली! सौ.नं साखर वाटली. पण आदेशात स्पष्ट लिहिलं आहे की सदर शिक्षक पुढे वाकण्यास कायम असमर्थ आहेत. आणि पुढच्या रविवारी तुमच्याकडे अंकुशचं साक्षगंध, मुलीकडचे अंगठी घेऊन येणार. मी ताईला फोनवर आदेश वाचून दाखवला. ती म्हणाली, “सरकारचा कागद तुह्या शाळेत दाखवजो. माह्या दारात भाच्याच्या पाया पडल्याबिगर जेवाले बसू देत नाई.” आणि खरं सांगू, तिनं बसू दिलं तरी माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हणून पत्राचं मूळ कारण लिहितो. अंकुशला उंच ओट्यावर उभं करावं. मला धरायला दोन माणसं ठेवावीत. दार आतून लावावं, आणि पाहुण्यांचे मोबाइल आधीच एका टोपल्यात गोळा करावेत. अंकुशचा सगळ्यात आधी.

ता. क. २. त्यानं रील काढून टाकली, पण त्याआधी मी ती माझ्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवली होती. ताईला सांगू नका. कंबर शेकत पडलो की लावतो. दंड बघत नाही, दांडाही बघत नाही. त्यातला मी खाली वाकतो आणि कुणाचा हात न धरता सरळ उभा राहतो, तेवढंच पुन्हा पुन्हा बघतो.