जमादारचाचांची तोफ

८ फेब्रुवारी १९५३, गंगाखेड
बदली होऊन आल्यापासून टाळत होतो, आज गेलोच. जमादारचाचा भाड्याच्या खोलीत राहतात; स्वतःचं घर '४८ च्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत दुसऱ्याने बळकावलं. निजामाच्या फौजेतून ते परतल्यावर मला लढाईचा खेळ यांनीच शिकवला, मी तेव्हा चड्डीत. आज पुन्हा त्यांनी तक्तपोसाच्या फळ्यांवर खडूने गोदावरी काढली. विटेचं टेकाड, चिंचोक्यांचं पायदळ, सागरगोट्यांच्या तोफा. सरदार म्हणजे त्यांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण. गोळा लागला की नाही ते कवड्या टाकून ठरवायचं. मी जिंकलो! जन्मात पहिल्यांदा. आनंद व्हायला हवा होता.

१५ फेब्रु.
पुन्हा मीच. नदीचा उतार, जिथून फौज पार होते, तोच मोकळा सोडला त्यांनी. लहानपणी मी तो सोडला तर कान पिळायचे. वर, "वा! साहेबांची चाल लय भारी हाय." मी कसला साहेब, साधा कारकून. आणि मला 'तुमी' काय म्हणायलेत?

१७ फेब्रु.
कचेरीत त्यांचा अर्ज आलाय, घराच्या ताब्यासाठी. माझ्याच टेबलावरून साहेबांकडे जाणार. म्हणून हरतात? माझी मर्जी राखायला? चाचा? संताप आला, मग लाज वाटली. कुणाची, ते सांगता येत नाही.

१५ मार्च
घर मिळालं त्यांना! मी काहीएक केलं नाही, कागद पुढे सरकवला एवढंच. म्हटलं, "चाचा, आता माझ्या हातात काही नाही. खरं खेळा."
त्यांनी कवड्या खाली ठेवल्या. "म्हंजे? आतापावतर खोटं खेळलो का मी?"
खेळले. हरले.
म्हणजे भीती नव्हतीच? की अजून आहे? की नुसतं म्हातारपण... हे जास्त वाईट.

२२ मार्च
आज मुद्दाम हरायला बसलो. सरदार उघडा टाकला. त्यांनी चिंचोके विस्कटूनच टाकले. "हे काय करायलास? मला भीक घालायलास का?"
'करायलास' म्हणाले, 'तुमी' गेलं! सुखावलो. घाबरलोही. चहा न घेताच उठून आलो.

२९ मार्च
जाऊ की नको करत संध्याकाळी गेलो. डाव मांडून बसलेले, रागाचं नाव नाही. पहिल्या दोन-चार चाली झाल्या आणि त्यांनी मोठी तोफ सरळ नदीकाठी आणून ठेवली. एकटी. जवळ एक शिपाई नाही.
"तुझी पाळी. आज ऱ्हाऊ दे, इचार करून ये." तक्तपोसावर चादर टाकली.
घरी येऊन डाव आठवत बसलोय. तोफ घेतली तर डाव माझा. पण टेकाडाआड त्यांचं पायदळ होतं का? तोफेकडे बघण्याच्या नादात तिकडे पाहिलंच नाही. असेल तर माझी सगळी फौज नदीत. नसेल तर तोफ चुकून आली, आणि मग चाचा आता...
सापळाच असू दे. मला पार धुऊन काढू दे त्यांनी.