जातो म्हणायचं नाही

गौलीगुडा, हैदराबाद
२८ ऑक्टोबर १९९४

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. नांदेडला तुमच्या माहेरी सगळे खुशाल असतील. इकडे आईचा गुडघा धरलाय, बाकी ठीक. अक्षराला हसू नका, डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. मी पोलीस ठाण्याच्या पायरीवरून पडले, असं दादाने फोनवर सांगितलं असेल.

आपल्या माडीवरचा भाडेकरू अब्दी आठवतो ना, सोमालियाचा? इथे कॉलेजला आला आणि मागे त्याचा देशच पेटला. परत पाठवलं तर त्याला जिवंत ठेवणार नाहीत. म्हणून त्याला हाकलण्याच्या सरकारी हुकमावर मी हायकोर्टातून स्टे आणला. आईने त्याला दटावून शिकवलंय, घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. तो इथल्या बोलीतही तसंच म्हणतो, "आतूं, अम्मा."

मंगळवारी त्याला उचललं. मी ठाण्यात धावले, तर आतून ऐकू आलं, "खुशी से जातूं बोल!" काठीचा आवाज. "आतूं." पुन्हा काठी. तो आपणहून जातोय म्हटलं की माझा स्टे संपला, एवढ्यासाठी हे चाललेलं. घाबरून जातो असंच कबूल करत होता हो तो, पण तोंडात आईचा शब्द बसलेला! शेवटी "जातूं" म्हणाला.

मी दार ढकललं. अब्दीचे दात फरशीवर पडले होते, शर्ट रक्ताने भिजलेला. काठी दादाच्या हातात होती. मी मध्ये पडले. त्याने मला ओळखलं, वहिनी. "बाजूला हो सुजे" म्हणाला, आणि तरी हाणली. हाड मोडलं.

आई म्हणते, आतूं म्हणजे जातोच, हे विनूला समजलं नसेल गं. न समजायला काय झालं? तोही तिच्याकडूनच बोलायला शिकला. इतका संताप होतो की हा माझा सख्खा भाऊ म्हणायची लाज वाटते.

सोमवारी सुनावणी आहे. मी गप्प बसले तर अब्दीला विमानात कोंबतील. वकीलपत्र माझ्या सोबतच्या वकिलाकडे, सुधीरकडे दिलंय, मी साक्षीदार म्हणून उभी राहणार. दादाची नोकरी जाईल, तुरुंगही होईल. तुमचा संसार माझ्या हाताने मोडतेय हे कळतंय मला. तरी माफी मागत नाही.

कोणी मारलं, असं विचारतील. नुसतं "पोलिसांनी" म्हणून भागणार नाही. पूर्ण नाव घ्यावं लागेल, बाबांच्या नावासकट. विनय दिगंबर नळदुर्गकर.

तुमची नणंद,
सुजाता दिगंबर नळदुर्गकर