उचुमायूला कोण जाणार

४ फेब्रुवारी
कोचाबाम्बा शहरी पोचलो. सामान पोचलं, एक ट्रंक सोडून. उद्यापासून स्पॅनिशचा क्लास. बेत सरळ आहे: तीन महिन्यांत बोलणं, चौथ्यात प्रवचन, जूनमध्ये वर डोंगरात उचुमायूच्या मिशनवर मुक्काम. मी ग्रीक आणि हिब्रू पास झालेला माणूस. त्यापुढे स्पॅनिश कोण लागून गेली! मार्लिसची काळजी वाटते, बायकोला पाठांतराची सवय नाही. सासूबाईंचा तर प्रश्नच नाही. बर्नडीनबाई एकाहत्तराव्या वर्षी हट्टाने आयोवाहून आमच्याबरोबर आल्या. क्लासला मात्र येणार नाही म्हणाल्या. बरं झालं.

१९ फेब्रुवारी
रोज चाळीस क्रियापदं. भिंतभर तक्ते. टीचर सुलेमाबाई मला हेर्मानो, म्हणजे बंधू, म्हणतात. सारख्या सांगतात, "हेर्मानो वेन्डल, अहो, चुकलं तर चुकलं, बोला तरी!" मी वाक्य मनात जुळवतो, तपासतो, मगच तोंड उघडतो. तोवर विषय बदललेला असतो. सुलेमाबाईंना धीर नाही.
सासूबाई घरमालकीण एलोदियाबाईंबरोबर (इथे बाईंना 'दोन्या' म्हणतात) अंगणात बटाटे सोलत बसतात. दोघींची बडबड चालू असते. ग्रामर शून्य.

१२ मार्च, दुपार
संप. चौकाचौकात दगड, जळके टायर. क्लास बेमुदत बंद. आमच्या फाटकाला साखळी. उत्तम! एकांत! क्रियापदांचा भूतकाळ संपवून टाकायचा.

१५ मार्च
भूतकाळ संपला नाही. पाव संपला.

१७ मार्च
स्वतः बाहेर पडलो. घरातला कर्ता पुरुष कोण? चौकात रस्ता अडवून बसलेल्यांना सांगितलं, या सगळ्यात मी फार थकलोय. मग त्यांचा म्होरक्या उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आम्हीपण, हेर्मानो, आम्हीपण." मागच्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाव मिळाला नाही, पण मनं जुळली.
मार्लिस म्हणते, थकलेला म्हणजे कान्सादो. मी म्हणालो कासादो. लग्न झालेला. "तू त्यांना सांगून आलास, माझं फारच लग्न झालंय." एवढ्याशा अक्षराचा केवढा बाऊ!
संध्याकाळी सासूबाई जाऊन पाव, सहा अंडी आणि संप परवा मिटणार ही बातमी घेऊन आल्या. खुणांनी जमवलं असेल.

२६ एप्रिल, रविवार
पहिलं प्रवचन, ठरल्याच्या आधीच! हरवलेल्या मेंढराचा दाखला. चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मागून कासियानो नावाचे मधमाश्या पाळणारे एक म्हातारे मुद्दाम पुढे आले, टोपी हातात घेऊन काहीतरी कळकळीने विचारलं. मी "सी, सी", होय होय, म्हणालो. त्यांचं समाधान झालं.

त्याच दिवशी, नंतर
मेंढरू म्हणजे ओवेखा. आबेखा म्हणजे मधमाशी. वीस मिनिटं माझा मेंढपाळ नव्व्याण्णव मधमाश्या रानात सोडून एकीला शोधत हिंडत होता. सापडल्यावर त्याने तिला खांद्यावर घेतलं. कासियानोंनी विचारलं होतं, राणीमाशी होती का? नाहीतर एवढी वणवण कोण करतो? सासूबाई हसून हसून फुटपाथवर बसल्या. मार्लिसही. भावार्थ मात्र पोचला, असं माझं मत आहे.

८ मे
आज बाहेर गेलो नाही. कालही नाही. या आठवड्यात क्लासही नाही, डोकं दुखतं. फाटकाशी गेलो की कोणीतरी काहीतरी विचारतं. जेवताना दोघी मायलेकी स्पॅनिशच बोलतात, सराव म्हणे. मी इंग्लिशमध्ये मीठ मागितलं की टेबल गप्प होतं. मागच्या भिंतीवर चोर येऊ नयेत म्हणून काचा लावल्यात. आज त्या मोजल्या. एकशे बारा.
मिशनचे डिरेक्टर ऑस्टगार्ड यांना पत्र टाकलं: बायका इथे रुळत नाहीत, त्यांच्यासाठी आयोवाला परतावं लागेलसं दिसतं. मार्लिसला सांगितलं नाही. तिला उगाच अपराधी वाटायचं.

३ जून
डिरेक्टर जेवायला आले. दोन्या एलोदियाने शेंगदाण्याचं सूप केलं होतं. सासूबाईंनी कसलीतरी गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले की मी हसायचो, थोडा उशिरा. मग डिरेक्टरांनी मला काही विचारलं. मी म्हणालो, "सी." सगळ्यांचे चमचे थांबले.
डिरेक्टर हळूच इंग्लिशमध्ये म्हणाले, "वेन्डल, मी विचारलं, या दोघी इथे खरंच दुःखी आहेत का? तुम्ही पत्रात लिहिलंय तसं?"
भांडी घासताना मार्लिस माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला जायचंय तर तुझ्या नावाने लिही. माझ्या नावाने रडू नकोस. वीस वर्षं मी पास्टरची बायको होते. इथे बाजारात मला कोणी मार्लिस म्हणून हाक मारतं."
सासूबाईंनी उरलेलं सूप मला आणखी वाडगाभर वाढलं. हे जास्त लागलं.

११ जून
निर्णय आला. उचुमायूच्या शाळेला बाई हव्या आहेत. मार्लिस जाणार, सासूबाईही. मी इथेच, पहिली लेव्हल पुन्हा. व्यवस्था तात्पुरती आहे. विचारलं असतं तर मीच सुचवली असती.

१४ जून
बस सकाळी सातला सुटली. मार्लिसने खिडकीतून हात बाहेर काढून माझी कॉलर नीट केली. "शिक रे, वेन्डल," म्हणाली. "जागा ठेवते."

१५ जून, सोमवार
नवीन बॅच. कॅन्ससहून आलेली पाच तरुण जोडपी. एकाने विचारलं, किती दिवसांत बोलता येतं? तीन महिने पुरे, म्हणालो.
सुलेमाबाईंनी आधी मलाच उभं केलं. घरी कोण कोण असतं, विचारलं. मनात जुळवायला वेळच मिळाला नाही, तोंडातून निघून गेलं. एकही चूक नाही. क्रियापद बरोबर, उच्चार बरोबर. सुलेमाबाईंनी टाळ्या वाजवल्या, वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून पाच वेळा मोठ्याने म्हणून घेतलं:
माझी माणसं इथे नाहीत.