रंगुआत्याने ओळखलेला दगड

कर्जत,
दि. ११ डिसेंबर, गुरुवार

ती. हणमंतदादा यांस,

मामेभाऊ बिभीषणचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्ही चिंचवडला बरे असालच. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमची रंगुआत्या, रविवारपासून आमच्याकडेच आहे. जेवते-खाते, झोपते, साखर ताब्यात आहे (तिच्या रक्तातली, डब्यातली नाही, तो रोज रिकामा होतो). हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही लगेच गाडी काढणार नाही. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तुम्ही "हां, मग?" असं विचारता आणि मी गडबडीने मगवर जातो, मधलं सगळं राहून जातं. या प्रकरणात सगळं मधलंच आहे. शेवट काय झाला ते मला अजून नीट कळलेलं नाही.

झालं असं की आत्याचे डोळे दाखवायचे म्हणून मी आणि सविता रविवारी तिला आणायला जामखेडकडे गेलो. येताना अर्ध्या वाटेवर आत्या म्हणाली, "गाडी थांबव." थांबवण्याजोगं काही दिसेना. पुढे एक पत्र्याची कमान आली, तिच्यावर लिहिलं होतं 'रत्न व खनिज संग्रहालय', आणि खाली बारीक अक्षरात 'स्वच्छतागृह फक्त दर्शकांसाठी'. म्हणजे आम्हांला दर्शक होणं भाग पडलं. दाराशी टेबल मांडून एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं, "स्वच्छतागृह कुठंय?" तर म्हणाले, "सोमवारी बंद." मी म्हटलं, "आज रविवार आहे." तर म्हणाले, "आमच्याकडेच, विहिरीतून निघालेलं." मला काही उमगेना. मग आतून त्यांची मुलगी मनवा बाहेर आली (भूगर्भशास्त्र शिकलेली, पुण्याची नोकरी सोडून वडिलांनी जमवलेले दगड सांभाळते). तिने वडिलांना कमी ऐकू येतं असं सांगून आत्याला हात धरून मागे नेलं आणि मी तीन तिकिटं घेतली. खरं तर आत्या परत आल्यावर आम्ही निघणारच होतो. पण सविता म्हणाली, तिकीट काढलंय तर बघून जाऊ, रत्नं म्हणजे हिरे-माणकं असतील.

दादा, आत एकही हिरा नाही. दोन खोल्या भरून दगड आहेत. आपल्याकडे विहीर खणताना निघतात तसलेच, आत पांढऱ्या-पोपटी गारा असलेले. पण प्रत्येकाखाली दिवा, प्रत्येकाला काच आणि प्रत्येकाला नाव. नावं माझ्या बीपीच्या गोळ्यांसारखी: स्टिलबाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट. मनवा फार मनापासून समजावत होती की लाव्हारस थंड होताना त्यात बुडबुडे राहतात, त्या पोकळ्यांत पाणी मुरतं आणि लाखो वर्षांत स्फटिक वाढतात. मी मान हलवत होतो. सविताने तिला विचारलं, "यातला कन्या राशीला कोणता चालतो?" मनवा म्हणाली, "कोणताही चालतो, काकू, घरात ठेवायला." सविताने ते सल्ला म्हणून घेतलं आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवलं.

मग मनवाने आम्हांला एका अंधाऱ्या कोठीत नेलं. म्हणाली, आता साधा दिवा बंद करून एक खास दिवा लावते, दगड चमकतील, घाबरू नका. दगड चमकले, हिरवे नि नारिंगी. पण त्यांच्यापेक्षा माझा शर्ट जास्त चमकला. सविता धुण्याच्या सोड्यात काय घालते कोण जाणे, मी गळ्यापासून कमरेपर्यंत निळा पेटलो. मी घाबरून हसलो, तर सगळ्यांचे दात चमकतात तसे माझेही चमकले, फक्त पुढचे दोन सोडून. ते दोन खोटे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता श्रीगोंद्याच्या एका पाहुण्या कुटुंबालाही ठाऊक झालं. त्यांची लहानगी मुलगी "आई, त्या काकांना खिडकी आहे" असं म्हणाली. मी तोंड मिटून बाहेर आलो.

दुसऱ्या खोलीत मधोमध एक वेगळी काचपेटी आहे. तिच्यात लहान कलिंगडाएवढा काळा दगड, एका बाजूने फुटलेला, आणि आतून पोपटी. असा पोपटी की जणू पाणी गोठवून ठेवलंय. खाली पाटी, मनवाने ती आत्याला वाचून दाखवली: 'अपोफिलाइट. प्राप्तिस्थान: नाशिक परिसर (बहुधा).' आत्या त्या पेटीपुढे उभी राहिली, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि म्हणाली, "ह्यो आमचा हाय."

मनवा हसून म्हणाली, "हो आजी, आपल्या सगळ्यांचाच आहे."

"सगळ्यांचा न्हाई, बाई. आमचा. आमच्या हिरीतला."

आणि ती फतकल मारून पेटीसमोर खाली बसली. मी म्हटलं, आत्या, ऊठ, फरशी गार आहे. सविता म्हणाली, डॉक्टरची वेळ टळेल. ती ढिम्म. मनवाला वाटलं, चक्कर आली. तिने लिंबूपाणी आणलं. आत्याने ते पिऊन भांडं परत दिलं आणि पुन्हा दगडाकडे बघत बसली. तोवर ते श्रीगोंद्याचे लोक आत आले, त्यांनी आत्याचे फोटो काढले आणि त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या मावशी रोज असतात, का फक्त रविवारी?"

त्या दगडाची गोष्ट तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर तुमच्या वडिलांनी विहीर खोदली, सत्तावीस हातांवर पाणी लागलं आणि पाण्याच्या आधी हा दगड लागला. तो तुळशीपाशी ठेवलेला मी लहानपणी पाहिला आहे. मग एके दिवशी तो नाहीसा झाला. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. तुमच्या वडिलांनी सगळ्या गावाला चोरी झाली म्हणून सांगितलं, आल्यागेल्या बोहारणींवर संशय घेतला आणि दगड गेल्यावर राखणीला कुत्रं पाळलं. एवढंच मला आठवतं. पण त्रेचाळीस वर्षांनी तोच दगड दिव्याखाली बसलेला असेल, हे मला तरी पटेना. काळ्या दगडासारखा काळा दगड असतोच की. मी तसं म्हणालो, तर आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी सविताच्या मागे जाऊन उभा राहिलो.

शेवटी मनवाच म्हणाली, "आजी, काही खूण सांगता येईल?"

"मागनं खालच्या अंगाला खाच हाय. मालकांची पहार लागलेली. आन् खाचंत हळद आसंल. मी धा वरसं रोज व्हायली."

मनवाने किल्ली आणली, पेटी उघडली आणि दोन्ही हातांनी दगड फिरवला. खाच होती, दादा. माझ्या अंगठ्याएवढी, स्वच्छ. खाचेत पिवळं होतंही. पण मनवा पडली शिकलेली. ती म्हणाली, हा पिवळेपणा लोहाचाही असू शकतो. आत्या म्हणाली, "लोखंड का हळद, आत्ता दावते." तिने कमरेची चंची सोडली, डबीतला चुना बोटाच्या टोकावर घेतला, पाण्याने ओला केला आणि मनवाला खाचेतलं जरासं कोरून द्यायला सांगितलं. कागदावर ते पिवळं नि चुना एकत्र मळला. आम्ही चौघं वाकून बघत होतो (श्रीगोंद्याचे धरून नऊ जण). आधी काहीच झालं नाही. मग ते लाल झालं. कुंकवासारखं लालभडक.

मनवाने चष्मा वर केला, खाली केला, मग हळूच म्हणाली, "हळदच आहे." आणि आत्या त्रेचाळीस वर्षं साठवल्यासारखी रडली. मला काय करावं ते कळेना म्हणून मी तिथल्या अभिप्रायाच्या वहीत तोंड घातलं. तिच्यात आधी कोणीतरी लिहिलं होतं, 'दगड चांगले आहेत, पण आमच्या शेतात याहून जास्त आहेत.' मी त्याखाली सही करून टाकली. का केली, विचारू नका.

मनवा तिथेच म्हणाली, आजी, दगड तुमचा आहे, घेऊन जा. मला वाटलं, संपलं, आता गाडीत जागा करावी लागणार. तर आत्या म्हणाली, "घरी कोन बघनार त्येला? पोरगं चिंचवडला, मी आज हाय उद्या न्हाई. हितं दिवा हाय, काच हाय. लोकं तिकीट काढून बघत्यात. ऱ्हाऊ दे. पन ते नाशिक तेवढं पूस." एवढं बोलून ती उठली आणि दुसऱ्या पेट्यांकडे वळली. "ह्यो बी नाशिकचा न्हाई. ह्या दुधी गारा खर्ड्याच्या अंगाला निघत्यात. दुष्काळात मी तितं पाट्या वायल्या हायत." मनवा वही घेऊन तिच्या मागे. डोळ्यांचे डॉक्टर राहिले बाजूला. संध्याकाळपर्यंत आत्याने अकरा दगडांचं गाव सांगितलं. मंगळवारी मनवाचा फोन, आजींना परत पाठवता का? बुधवारी मी सकाळी सोडून संध्याकाळी घरी आणलं. आज सकाळपासून पुन्हा तिकडेच आहे. आता तिथे ती दर्शक आहे, गाइड आहे, की मांडलेल्या वस्तूंपैकी आहे, हे मला समजत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "डबा दोघींचा देत जा."

दगड त्यांच्याकडे कसा आला, हे मात्र कळलं नाही. जुन्या ट्रंकेतलं रजिस्टर काढलं, पण देणाऱ्याच्या नावावर पाणी सांडून शाई पसरली होती. असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बिभीषण

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. काही विशेष नाही. आत्याच्या मनात आहे की दगडाच्या नव्या पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव यावं, आणि नोंद बदलायची तर एका सहीची गरज असते असं मनवा म्हणते. फुलीच्या जागी सही करून उलट टपालाने धाडावा. वाचलाच पाहिजे असं नाही.

ता. क. २. दादा, तुम्ही वाचल्याशिवाय सही करत नाही, हे लिहून झाल्यावर आठवलं. आणि कागदात देणार म्हणून तुमचंच नाव आहे, तेव्हा खरं सांगतो. शाई पसरलेली नाही. टेबलाशी बसलेले ते गृहस्थ म्हणजे तुमचे भूगोलाचे नृसिंह सर. रजिस्टरात त्यांच्या ठसठशीत अक्षरात आहे: 'देणार: चि. हणमंत, इयत्ता नववी. विज्ञान प्रदर्शनासाठी.' मनवाने ते फक्त मला दाखवलं (पाट्या तिने रजिस्टर न उघडताच लिहिल्या होत्या). मी सरांना ओरडून विचारलं, तर ते म्हणाले, मुलगा फार गुणी होता, परत मागायला आलाच नाही. वडिलांनी एवढा गवगवा केल्यावर तुमची हिंमत झाली नसेल, हे मी समजू शकतो. आत्याला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्ही सही करा, विषय मिटवू.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी आत्या संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, काय लिवलंस ते वाच. मी पहिल्या ता. क. पर्यंत वाचून थांबलो. ती म्हणाली, "खाली आजून लई हाय की. ते का गिळतोस?" मी म्हटलं, वहिनींच्या गुडघ्याचं आहे. ती जरा वेळ सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, "त्यो साळंला जाताना पिशवीत घालून नेत हुता, तवा मी दारातच हुते. जड हाय, दोन हातांनी धर, म्हनले मी. पिशवीत काय हाय त्ये मला कळलंच न्हाई, आसं वाटलं त्येला. मालकांला मी कदी बोलले न्हाई. पोराला मार बसला आसता."

त्या कागदावर सही करू नका, दादा. ती म्हणते, पाटीवर दोघांची नावं घालायची: पहार मारणाऱ्याचं आणि शाळेत नेणाऱ्याचं. पण त्यासाठी तुम्ही समक्ष यायचं. मी विचारलं, रागावलीस का त्याच्यावर? तर म्हणाली, "रागवायचं काय त्येच्यात? परत कदी आनतोस, येवढंच इचारायचं हुतं. त्यो दिसला की इसरून जायाची."