वाटेवरची डहाळी

अहो,

तुम्ही गेलात तरी तुमच्याशी बोलायची माझी सवय काही सुटली नाही. भांडी घासताना, दळण आणताना माझं आपलं चालूच असतं. पण आजचं बोलणं पुटपुटण्यासारखं नाही. घरात सुमी आहे आणि हल्ली तिचे कान भारी तिखट झालेत. म्हणून लिहायला बसले.

आज तिने विचारलं, "आई, त्या दिवशी वाटेवरची डहाळी तू का उचललीस? आजी म्हणते, तू ती काढली नसतीस तर बाबा आज असते. खरं का ते?"

दहावी झाली हो तुमची सुमी! पुढे शिकायला चिपळूणला तुमच्या भावाकडे राहीन म्हणते. शिक्षण हे निमित्त. तिला माझ्याबरोबर एका घरात राहायचं नाही, हे मला कळत नाही का? मी एक वाक्य बोलले तर ती राहील, गळ्यात पडून रडेलही. पण तेच वाक्य मला बोलता येत नाही. तुम्हाला मात्र सांगते. नीट ऐका, नेहमीसारखं नुसतं 'हं हं' करू नका.

ती सुट्टी म्हणजे तुमचीच हौस! मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात ओरडून ओरडून तुमचा घसा बसलेला. त्यात कुणा गिऱ्हाइकाने देवरूखच्या पलीकडचं, पार सह्याद्रीच्या पायथ्याचं आपलं रिकामं घर देऊ केलं. चूल आहे, भांडी आहेत, शिधा तेवढा न्या आणि रांधून खा. मला विचारायची तुमची रीत कुठे होती? तुम्ही किल्ली खिशात घालूनच घरी आलात.

"म्हणजे इथली चूल सोडायची आणि तिथली फुंकायची," मी म्हटलं. "माझी कसली सुट्टी?"

"अगो, स्टो नेऊया की बरोबर!" तुम्ही म्हणालात. झालं. स्टो, रॉकेलचा डबा, तांदूळ, कुळथाचं पीठ, सगळं बोचकं एसटीच्या टपावर चढलं.

खरं सांगू? मला ती दरी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. दर्याकाठच्या माणसाला समोर मोकळं लागतं. तिथे बघावं तिकडे डोंगर. ऊन उशिरा यायचं आणि दुपार कलली की निघून जायचं. खाली झाडीत नदीचा डोह, काळा आणि गप्प. तुम्ही मात्र खूश! शेजारची भागीमावशी दूध द्यायची. तिनेच विहीर दाखवली आणि बजावलं, "नदीचा पानी पिऊ नको हो बाय, हिरीचाच घे."

खाण्याचे मात्र हाल झाले तुमचे. आमटी, पिठलं, पुन्हा पिठलं. ताटावर बसलात की तोंड एवढंसं व्हायचं. मासळीवाचून तुम्हाला करमेना आणि मी मनात हसत होते.

त्या सकाळी डोहाकडून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. रोज खंड्या ओरडायचा, तोही नाही. पाण्याकडे निघालेली गुरं गुराख्याने अर्ध्या वाटेवरून मागे वळवली. मी ओट्यावरून बघत होते. विचारावं असं वाटलं, पण कुणाला विचारणार? तेवढ्यात सुमी आणि तुम्ही आंघोळीला खाली गेलात. ती पुढे पळाली आणि तुम्ही विडी पेटवायला मागे थांबलात.

आंघोळ राहिली बाजूला, परत आलात ते पंच्यात मासे घेऊन! "जाळं नाही, गळ नाही, नुसते हाताने गोळा केले. पाण्यावर तरंगत होते गो!"

"तरंगणारे मासे कशाला हो उचलायचे?"

तेव्हा तुम्ही एकाचा कल्ला बोटाने उचकटून माझ्या नाकासमोर धरलात. "हे बघ, लालभडक. डोळा बघ कसा चकचकीत. आत्ता मेलेत हे. मासळी कळते म्हणून तर पोट चालतंय आपलं!"

मिरकरवाड्यात तुमचं बोट कल्ल्यात गेलं की भाव ठरायचा. मासा शिळा की ताजा, हे कल्ला सांगतो. कशाने मेला, हे तो सांगत नाही. समुद्रावर हा प्रश्न कधी पडलाच नव्हता आपल्याला.

साफ करताना हाताला रॉकेलसारखा वास आला. सकाळीच स्टो भरला होता मी, त्याचाच असेल म्हटलं. राखेने हात घासले, तरी वास जाईना. भागीमावशीची मांजर दारात आली होती. तिच्यापुढे डोकी टाकली, तर हुंगून भिंतीकडे जाऊन बसली.

"डोंगरातली मांजर ही, हिला काय मासे कळणार!" तुम्ही हसलात. मीसुद्धा हसले.

तिरफळं आणि आमसुलं घालून कालवण केलं होतं. तुम्ही बोटं चाटून जेवलात. सुमी फणसाचे गरे खाऊन झोपली होती, उठवलं तरी उठली नाही. कुठल्या देवाने तिला निजवलं कोण जाणे! मी मागाहून जेवणार होते. माझं ताट वाढते आहे तोच तुम्ही म्हणालात, "जिभेला मुंग्या आल्यात गो." मग तांब्या हातातून सुटला. मग तुमचं सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. मी ओरडत अंगणात पळाले.

माणसं धावली हो, त्यांना बोल लावणार नाही. बाजल्यावर घालून तुम्हाला उचललं. डांबरी रस्त्यापर्यंतही पोचला नाहीत तुम्ही.

मग कळलं. आंब्यावर फवारायचं उरलेलं औषध कुणीतरी मासे मारायला वरच्या अंगाला नदीत ओतलं होतं. गावाने ते सकाळीच ओळखलं आणि डोहाच्या वाटांवर कुड्याच्या झाडाच्या डहाळ्या आडव्या टाकल्या. तिथे कोणी घरोघर सांगत फिरत नाही. वाटेवर डहाळी आडवी दिसली की पाण्याला शिवायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्याला.

तुम्हाला अंगणात निजवलं होतं. भागीमावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या वाटंला डाहळी आडवी घातलेली होती. ती कोनी काडलान?"

डहाळी ओट्याच्या कोपऱ्यात होती, अहो. तिच्याखाली सुमीची चिंध्यांची बाहुली निजवलेली. पुढे पळालेल्या पोरीला वाटेत फुलांची डहाळी सापडली, तिने ती ओढत आणून बाहुलीला घर केलं. पाच वर्षांचं पोर ते! माझ्या पदराला धरून सगळ्यांची तोंडं बघत होती. आणि मावशीचे डोळे हळूहळू त्या कोपऱ्याकडे वळत होते.

"मी काढली," मी म्हटलं. "चालताना पायात येत होती."

तुमच्या आईच्या कानावर हे दुसऱ्या दिवशीच गेलं. "माझा पोर गिळलान हिनं," म्हणाल्या. अजून म्हणतात. मी ऐकून घेते. कधीकधी ओठावर येतं की डहाळी असती तरी तुमचा मुलगा ती ओलांडूनच गेला असता. खरं ना? तुम्ही कधी कुणाच्या आडवं आल्याने थांबलात! पण हे सुमीला सांगून काय उपयोग? तिला फक्त स्वतःचा हात दिसेल, डहाळीवरचा. जन्मभर दिसेल.

आणि आता खरी भीती सांगते. मघाशी उठून जाता जाता ती दारात थांबली. म्हणाली, "आई, मला ती डहाळी आठवते. तिला पांढरी फुलं होती. हाताला चीक लागला होता."

पाठमोरी होते म्हणून निभावलं. "आठवणारच," मी म्हटलं. "मी ती उचलून आणली नि तू माझ्या मागे लागून फुलं तोडून घेतलीस." ती म्हणाली, "म्हणजे आजीचं खरं." आणि पेटी भरायला गेली.

जाऊ दे तिला चिपळूणला. माझा राग धरून राहील, पण धड झोपेल तरी. तुम्ही एवढंच करा, तिच्या स्वप्नात येऊन काही आठवून देऊ नका.

बाकीचं माझ्याकडे लागलं. वचन देते तुम्हाला, डहाळी मी काढली. तिने विचारलं, तुमच्या आईने विचारलं, उद्या मी तिकडे आल्यावर सगळं ठाऊक असून तुम्ही विचारलंत, तरी हेच सांगेन.

तुमची,
सुमीची आई